शोकांतिकेतलं दुय्यम पात्र जीवाला कसं लावायचं: एमिलियाकडून शिकलेल्या गोष्टी

माझ्या पहिल्या एकांकिकेत एक म्हातारा गडी होता, घरातला जुना, धन्यासाठी जीव टाकणारा वगैरे. चार प्रवेशांपैकी तीन प्रवेशांत तो रडायचा. मला वाटलेलं प्रेक्षकही रडतील, पण तिसऱ्यांदा त्याने खांद्यावरचं फडकं डोळ्याला लावलं आणि मागच्या रांगेतून कोणीतरी "आला, पाऊस आला" म्हणून ओरडलं, सगळं थिएटर हसलं. नंतर परीक्षकांनी एकच विचारलं, या म्हाताऱ्याला नाटकात काम काय आहे हो? मी म्हणालो, तो निष्ठावान आहे. ते म्हणाले, तो स्वभाव झाला, मी काम विचारतोय.

याचं उत्तर मला खूप उशिरा मिळालं आणि मिळालं ते शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मधल्या एमिलियाकडे. ही इयागोची बायको आणि डेस्डिमोनाची सोबतीण, म्हणजे खलनायकाच्या घरातली आणि नायिकेच्या खोलीतली. गोष्ट थोडक्यात अशी, की इयागो आपला सेनापती ऑथेल्लो याच्या मनात बायकोबद्दल, डेस्डिमोनाबद्दल, संशय भरतो, तिचा एक रुमाल पुरावा म्हणून वापरतो, आणि ऑथेल्लो तिला मारून टाकतो. मराठी रंगभूमीला हे नाटक नवीन नाही, देवलांनी १८९० मध्ये त्याचं 'झुंझारराव' केलं तेव्हापासून ही गोष्ट आपल्याकडे नांदतेय. पण बोलताना सगळे ऑथेल्लोचा मत्सर नाहीतर इयागोचा कावा यावरच बोलतात. शेवटच्या अंकात नाटक प्रत्यक्षात उचलून नेते ती एमिलिया. तर तुम्ही एकांकिका, दीर्घांक, कथा, वेब सिरीज काहीही लिहीत असाल आणि तुमचं सपोर्टिंग कॅरॅक्टर नुसतं चहाचे कप घेऊन आतबाहेर करत असेल, तर पुढचं वाचा.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा. कीव येणं वेगळं आणि जीव लागणं वेगळं. कीव कोणाचीही येते, रस्त्यात कोणी पडलं तरी येते, आणि पाच मिनिटांत जाते. आपल्याला पाहिजे ते दुसरं. त्यासाठी पात्रावर दुःखाचे डोंगर रचून उपयोग नसतो, उलट ते जितकं जास्त सोसतं तितका प्रेक्षक सावध होत जातो, त्याला कळतं की लेखक आपल्या डोळ्यात पाणी काढायला बसलाय.

पहिलं काम: त्याचा हात चुकीत घाला

हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून यावरच जास्त बोलतो.

ऑथेल्लोने डेस्डिमोनाला पहिली भेट म्हणून दिलेला रुमाल, त्यावर स्ट्रॉबेरीची नक्षी. तिसऱ्या अंकात तो तिच्या हातून खाली पडतो आणि तो उचलते कोण, तर एमिलिया. नवरा कधीपासून मागे लागलाय की तो रुमाल चोरून आण. तिने आजवर आणलेला नाही. आता आयता सापडला. पण आता नीट बघा, ती काय म्हणते, की या रुमालावरचं भरतकाम मी उतरवून घेईन आणि इयागोला देईन, त्याला कशाला पाहिजे देव जाणे, मी आपली त्याची हौस पुरवते. म्हणजे तिच्या डोक्यात नक्कल करायचं आहे, नक्षी उतरवून घेऊ आणि मग बघू. इतकी बारीक पळवाट. आपण सगळे अशाच पळवाटा काढतो ना, ऑफिसमधला स्टेपलर घरी आणताना सुद्धा. तेवढ्यात इयागो येतो, रुमाल हिसकावून घेतो, आणि ती म्हणते की तसं काही महत्त्वाचं काम नसेल तर परत दे, बिचारीला सापडला नाही तर वेड लागेल. तो तिला जा म्हणतो. ती जाते.

पुढच्याच प्रवेशात डेस्डिमोना विचारते, रुमाल कुठे पडला असेल गं? एमिलिया सांगते, मला नाही माहीत बाई.

बस. एका ओळीचं खोटं. आणि लगेच तिच्या डोळ्यांदेखत ऑथेल्लो त्याच रुमालावरून थैमान घालतो. ती तेव्हाही बोलत नाही. दिग्दर्शकांना हा प्रवेश फार छळतो, की ही गप्प का? कोणी तिला लांब उभं करतं, कोणी पाठमोरी. माझं मत विचाराल तर तिला तिथेच, उजेडात, तोंड दिसेल असं उभं करावं. ती घाबरलीय, आणि आता सांगितलं तर आधी खोटं का बोललीस हा प्रश्न येणार, म्हणून उद्या सांगू असं मनात म्हणतेय. या उद्या सांगू मध्येच डेस्डिमोना मरते.

बघा काय झालं. आता एमिलिया चांगली बाई आहे म्हणून आवडत नाही, ती आपल्यासारखी निघाली म्हणून आवडते. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात म्हटलंय ते हेच, करुणा येते जेव्हा माणसाच्या वाट्याला त्याच्या लायकीपेक्षा वाईट येतं, आणि भीती वाटते जेव्हा तो माणूस आपल्यासारखा असतो. हे नायकाबद्दल म्हटलंय म्हणून आपण नायकालाच चूक देतो आणि नोकर, मैत्रीण, भाऊ यांना धुतल्या तांदळासारखं ठेवतो. मग ते तांदळासारखेच राहतात, पांढरे आणि बेचव.

आणि ही चूक शेक्सपिअरने मुद्दाम घातलीय याचा पुरावा आहे. मूळ गोष्ट इटलीतल्या चिंथिओ नावाच्या लेखकाची, १५६५ मध्ये छापलेली. त्यात खलनायकाची बायको आहे, पण तिला नवऱ्याचा सगळा डाव आधीपासून माहीत असतो आणि नवऱ्याच्या भीतीने ती तोंड उघडत नाही. आणि रुमाल? तो चोरतो नवरा स्वतःच, डेस्डिमोना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीला उचलून घेते तेव्हा. शेक्सपिअरने दोन्ही गोष्टी फिरवल्या. डावाची माहिती बायकोकडून काढून घेतली, आणि चोरी मात्र तिच्या हातात दिली. आधीच्या गोष्टीत तिला सगळं ठाऊक आणि हात कोरडे, इथे काही ठाऊक नाही आणि हात बरबटलेले. पहिलीचा राग येतो. दुसरीचं पोटात तुटतं.

तर तुमच्या ड्राफ्टमध्ये हेच करून बघा. जे पात्र सगळं जाणून गप्प आहे त्याला जाणण्यातून सोडवा, आणि त्याच्या हातून एखादी किल्ली दिली जाऊ द्या, एखादं पत्र पोचायचं राहू द्या, एखादा फोन न उचलला जाऊ द्या. चूक छोटी हवी आणि करताना तिला काहीतरी बरं कारण हवं. मोठी चूक दिली तर तो दुसरा नायक होऊन बसतो.

या बाबतीत ग्रीक लोक तर आणखी पुढे गेलेले. सोफोक्लिसच्या 'ईडिपस'मधला म्हातारा मेंढपाळ आठवतोय का, ज्याला ते पोर, म्हणजे तान्हा ईडिपस, डोंगरावर टाकून यायला सांगितलं होतं? त्याने ते टाकलं नाही, दुसऱ्याच्या हाती दिलं. का, तर दया आली. त्याची चूक म्हणजे दया. ते पोर जगलं, मोठं होऊन नकळत बापाला मारून आईशी लग्न करून बसलं, आणि त्या दयेपायी अख्ख्या थेब्ज नगराची वाट लागली. हा माणूस नाटकात येतो शेवटाकडे, एका प्रवेशापुरता, त्यातही उत्तर द्यायला नको नको म्हणत, आणि तेवढ्यात काळीज घेऊन जातो.

त्याच्याकडे स्वतःचं काहीतरी असू दे, पण ते वाजवू नका

रोमिओ-ज्युलिएटमधली दाई. पहिल्याच अंकात ती ज्युलिएटचं वय सांगायला बसते आणि भलतीच लांबण लावते, भूकंप काय, दूध तोडलं ते काय, तिच्या नवऱ्याचा चावट विनोद काय, ज्युलिएटची आई वैतागते, प्रेक्षक हसतात. आणि मध्येच एक वाक्य येऊन जातं, की सुझन आणि ही एकाच वयाच्या, सुझन देवाघरी गेली, माझ्या नशिबात नव्हती. लगेच पुन्हा बडबड सुरू. म्हणजे तिची स्वतःची मुलगी गेलीय आणि तिने त्याच दुधावर दुसऱ्याची मुलगी वाढवलीय. नाटकात सुझनचं नाव नंतर पुन्हा येत नाही. आपल्याकडच्या लेखकाने (मी धरून) शेवटच्या अंकात दाईला एक स्वगत दिलं असतं, सुझनचं झबलं हातात घेऊन, मागे बासरी.

ते करू नका. एकदा सांगा आणि पुढे व्हा, प्रेक्षक ते घरी घेऊन जातो.

त्याच नाटकात विष विकणारा औषधवाला आहे, मोजून काही ओळींचा. फाटके कपडे, हाडं वर आलेली, दुकानात रिकाम्या पेट्या. विष विकलं तर मरणाची शिक्षा. रोमिओ पैसे पुढे करतो आणि तो एवढंच म्हणतो, की होकार माझी गरिबी देतेय, माझं मन नाही देत. याला आपण खुनाचा साथीदार म्हणू शकतो का? नाही म्हणवत. का, तर त्याला पोट आहे. दुय्यम पात्राला पोट द्या, साधं. नायकाच्या आयुष्याबाहेर त्याचं घर असलं पाहिजे, तिथे कोणीतरी वाट बघत असलं पाहिजे, दूधवाल्याचं बिल थकलेलं असलं पाहिजे. लिहिताना ते कागदावर येणार नाही कदाचित, पण तुम्हाला माहीत हवं, आणि नटाला तर हवंच हवं. मी तालमीत दुय्यम भूमिका करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारतो, तू या प्रवेशात येण्याआधी कुठे होतास? विंगेत होतो असं उत्तर आलं तर मी लिहिताना कमी पडलोय.

हसू द्या त्याला

यावर लोकांचा विश्वासच बसत नाही. शोकांतिका म्हणजे सगळ्यांनी पहिल्या घंटेपासून सुतकी चेहरा करायचा असं कुठे लिहिलंय?

'ऑथेल्लो'च्या चौथ्या अंकाचा शेवट. डेस्डिमोना झोपायच्या तयारीत, मनात पाल चुकचुकतेय, ओठांवर विलोच्या झाडाचं जुनं गाणं. ती भाबडेपणाने विचारते, नवऱ्याला फसवणाऱ्या बायका खरंच असतात का गं, सगळं जग मिळालं तरी तू असं करशील? आणि शपथ घेते की या आकाशातल्या उजेडाची आण, मी नाही करणार. एमिलिया म्हणते, उजेडात मी पण नाही करणार, अंधारात जमेल कदाचित. हशा. मग ती पुढे म्हणते की जग केवढं मोठं, एवढ्याशा पापाला किंमत फारच चांगली मिळतेय. पुन्हा हशा. आणि या हसण्यातूनच तिचं ते लांब बोलणं सुरू होतं, की बायकांनाही नवऱ्यांसारखंच दिसतं, वास येतो, गोड-आंबट कळतं, नवरे बाहेर जातात ते का, मग आम्हाला इच्छा नाहीत का, आमच्याकडून वाईट घडतं ते तुमच्याकडूनच शिकलेलं असतं. चारशे वर्षांपूर्वीची बाई बोलतेय ही, आणि कोणाशी तर एका घाबरलेल्या पोरीशी, रात्री, केसांच्या पिना काढता काढता. नाटकाच्या १६२२ च्या छापील प्रतीत हे बोलणं नाही आणि डेस्डिमोनाचं गाणंही नाही, शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या मोठ्या संग्रहात दोन्ही आहेत. ते काढून नाटक वाचून बघा, कथानक अजिबात अडत नाही. एमिलिया मात्र अर्धी होते.

म्हणून वेळ कमी पडतोय म्हणून कात्री लावताना दुय्यम पात्राचा नेमका 'कथानकाला न लागणारा' प्रवेश पहिला उडवू नका. स्पर्धेत चाळीस-पन्नास मिनिटांत बसवायचं असतं म्हणून आपण तोच आधी उडवतो, मीही उडवलाय, आणि मग शेवटी ते पात्र मरतं तेव्हा लोक घड्याळ बघतात.

किंग लिअरमधला केंट नावाचा सरदार पण असाच. खरं बोलला म्हणून राजाने हाकलला, तरी वेष बदलून नोकर म्हणून परत आला. पण हा निष्ठावान माणूस रडत नाही हो, तो शिव्या देतो! ऑस्वल्ड नावाच्या कारकुंड्याला तो अशा काही शिव्या घालतो की यादी वाचतानाच धाप लागते, आणि त्यापायी खोड्यात अडकतो. खोड्यात पाय अडकलेले असताना झोप काढतो. माझा गडी आणि केंट यांच्यात फरक काय ते मला इथे समजलं. केंटला कामं आहेत, भांडणं आहेत, तोंड आहे. आणि बक्षीस मात्र नाही. शेवटी तो लिअरला सांगायला जातो की तुमच्याबरोबर राहिलेला तो नोकर मीच, आणि लिअरचं डोकं तोवर ठिकाणावर नसतं, त्याला ते उमगतच नाही नीट. विंदा करंदीकरांच्या 'राजा लिअर' मध्ये तो भाग मिळाला तर वाचा, मराठीत. एवढी चाकरी, आणि ती यानेच केली हे धन्याला कळलंसुद्धा नाही. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर गळाभेट आली असती.

एकदाच, उशिरा, महागात पडेल असं काहीतरी करू द्या

आता परत एमिलिया, कारण इथे ती चूक फिटते.

पाचवा अंक. डेस्डिमोना मेलीय. ऑथेल्लो सांगतो की ती बदफैली होती, विचार तुझ्या नवऱ्याला, त्याला सगळं माहीत आहे. एमिलिया म्हणते, माझा नवरा? तो सांगतो हो. ती पुन्हा, माझा नवरा? पुन्हा. ऑथेल्लो चिडतो की एकच काय परत परत विचारतेस. या दोन शब्दांत तिला रुमाल आठवतोय, नक्षी उतरवायचा बेत आठवतोय, "मला नाही माहीत बाई" आठवतंय. लेखकाने एक ओळही समजावून दिलेली नाही. नटीला मात्र हे सोन्यासारखं आहे, प्रत्येक वेळी वेगळं म्हणायचं.

मग इयागो येतो, सगळ्यांसमोर तिला घरी जा म्हणतो. ती जमलेल्या लोकांना म्हणते की मी त्याचं ऐकणं रीतीला धरून आहे, पण आत्ता नाही. आणि त्याला, कदाचित मी आता कधीच घरी जाणार नाही. दुसऱ्या अंकात याच नवऱ्याने चारचौघांत तिची चेष्टा केली होती की हिची जीभ फार चालते, आणि तिथे ती दोन वाक्यंसुद्धा धड बोलली नव्हती. आता तो म्हणतो गप्प बस. ती बोलते. रुमाल मीच उचलला, मीच दिला. म्हणजे नवऱ्याचं बिंग फोडताना ती स्वतःचंही फोडतेय, हे सुटू देऊ नका, नुसतं नवऱ्याचं फोडलं असतं तर ती साक्षीदार झाली असती. तो तिला भोसकतो आणि पळतो. ती म्हणते मला माझ्या बाईसाहेबांच्या शेजारी ठेवा, आणि मरता मरता त्याच विलोच्या गाण्याची ओळ म्हणते.

यातलं तंत्र काय आहे ते सांगतो. पहिलं, तिची निवड तिच्याच आधीच्या चुकीतून आलेली आहे, आभाळातून शौर्य पडलेलं नाही. दुसरं, उशीर झालाय, त्याने कोणी वाचत नाही. वेळेवर बोलली असती तर नाटक सुखांत झालं असतं आणि ती शहाणी ठरली असती, आपण टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. आणि किंमत, ती तिच्या एकटीच्या खिशातून गेली पाहिजे. नायक मरतोच आहे म्हणून बरोबर हाही मेला, त्याला किंमत म्हणत नाहीत.

सगळ्यांना पाच अंक मिळत नाहीत, मान्य. मग लिअरमधला तो बिननावाचा नोकर बघा, ज्याच्याकडे जेमतेम आठ-दहा ओळी आहेत. लिअरचा जावई कॉर्नवॉल लिअरच्या बाजूच्या म्हाताऱ्या ग्लॉस्टरचा एक डोळा काढतो, दुसरा काढायला जातो, आणि कॉर्नवॉलचाच नोकर पुढे होतो. म्हणतो, हात आवरा धनी, मी पोरवयापासून तुमची चाकरी करतोय, पण आत्ता तुम्हाला थांबवतोय यापेक्षा चांगली चाकरी कधी केली नसेल. पोरवयापासून! या एका शब्दात त्याचं सगळं आयुष्य आलं, तो घरचा आहे, याच घरच्या अन्नावर वाढला आहे. तलवार उपसतो, मालकाला जखमी करतो, आणि कॉर्नवॉलची बायको, लिअरची मुलगी रेगन, त्याला मागून भोसकते. मरताना तो ग्लॉस्टरला म्हणतो की तुमचा एक डोळा शिल्लक आहे, निदान याची झालेली दशा बघा. हे ऐकून कॉर्नवॉल तो दुसराही डोळा काढतो. म्हणजे बिचाऱ्याच्या दिलाशानेच घात केला. प्रेत उकिरड्यावर टाकायचा हुकूम होतो. पण कॉर्नवॉल त्या जखमेने मरतो, रेगन विधवा होते, आणि तिथून तिचं आणि तिच्या थोरल्या बहिणीचं एकमेकींविरुद्ध जुंपतं. ज्याला नावसुद्धा नाही त्याने कथानक वळवलं. परीक्षक काम म्हणतात ते हे.

कुठे घसरतो आपण

नायकाची स्तुती करायला ठेवलेला मित्र. हा प्रकार मराठीत रग्गड. हॅम्लेटचा होरेशिओ सुद्धा चार अंक जवळपास तेच करतो, ऐकतो आणि मान डोलावतो, आणि खरं सांगू तर मला तो तोवर कंटाळवाणाच वाटतो. शेवटी तो उरलेलं विष प्यायला जातो आणि हॅम्लेट त्याला अडवतो, तू जग आणि माझी गोष्ट सांग. तेव्हा कुठे तो माणूस होतो, कारण आता त्याला जगायची शिक्षा आहे. पण तिथवर थांबायला प्रेक्षकाकडे पेशन्स पाहिजे, आणि तुमच्याकडे शेक्सपिअरचं बाकीचं नाटक पाहिजे.

दुसरी घसरण म्हणजे विनोदी पात्राला मध्येच संत करणं. 'एकच प्याला'तला तळीराम घ्या, सुधाकराला बाटलीत उतरवणारा तोच, आर्य मदिरा मंडळाचा कारभारी. १९१९ चं नाटक, आणि आज ३१ डिसेंबरच्या बातमीत पोलीस पकडतात ते 'तळीराम'च असतात, म्हणजे पात्र भाषेत मुरलं. गडकऱ्यांनी त्याला सुधारवलं नाही. तो जसा आहे तसाच मरतो. त्याची बायको गीता तिकडे सुधाकराच्या बायकोच्या, सिंधूच्या, बाजूला उभी, म्हणजे परत तेच नातं बघा, बिघडवणाऱ्याची बायको आणि सोसणारीची सोबतीण. गीतेचं तोंड फटकळ आहे म्हणून ती जवळची वाटते, सिंधूइतकी सोशिक असती तर दोन सिंधू झाल्या असत्या आणि दोन्ही फिक्या पडल्या असत्या. मुख्य पात्र ज्या सुरात आहे त्या सुरात दुय्यम पात्राला गाऊ देऊ नका, एवढंच.

तिसरं, नात्याचं लेबल. आई आहे म्हणून प्रेम, भाऊ आहे म्हणून त्याग. 'नटसम्राट'मध्ये पोटच्या मुलांच्या घरून बाहेर पडलेल्या बेलवलकरांना शेवटी आसरा देतो तो राजा नावाचा बूटपॉलिश करणारा पोरगा, ज्याला या म्हाताऱ्याकडून फुटकी कवडी मिळायची नाही. नातं नाही म्हणून त्याचं करणं दिसतं. मुलाने तेच केलं असतं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

आणि 'अँटिगनी'मधली इस्मीन, हिच्यावर आपल्याकडे अन्याय होतो, भित्री बहीण म्हणून तिला निकालात काढतात. राजा क्रिऑनची बंदी मोडून भावाचं प्रेत पुरू या असं अँटिगनी म्हणते, तेव्हा ती आधी नाही म्हणते हे खरंय. पण नंतर क्रिऑनसमोर येऊन म्हणते की मी पण सामील होते, मलाही मारा, आणि अँटिगनीच तिला झिडकारते की तुझा यात वाटा नाही. ज्याला त्याग करायचाय आणि करू दिला जात नाही, असं पात्र मी अजून लिहू शकलेलो नाही. कोणाला जमलं तर सांगा.

ड्राफ्ट हातात घेऊन काय करायचं

तुमच्या दुय्यम पात्राच्या सगळ्या ओळी वेगळ्या कागदावर काढा, फक्त त्याच्याच. वाचा. त्यात नायकाचं नाव किती वेळा येतं ते मोजा. प्रत्येक ओळीत येत असेल तर त्याला स्वतःचं आयुष्य नाही. मग शोधा की त्याने एखादं खोटं बोललंय का, काही लपवलंय का, काही घेतलंय का. नसेल तर पहिल्या अर्ध्या भागात एक ओळीचं खोटं घाला, जास्त नको. मग शेवटाकडे त्या खोट्याचा हिशोब मागणारा प्रसंग आहे का बघा, आणि तो प्रसंग लोकांसमोर आहे का, कारण एकांतात कबुली देणं फार सोपं असतं, चारचौघांत नवऱ्यासमोर देणं अवघड. त्याच्या रडण्याच्या जागा सगळ्या खोडा. खरंच सगळ्या. तालमीत नटाला आपोआप भरून आलं तर येऊ दे, सूचनेत लिहू नका. 'मॅकबेथ'मधल्या मॅक्डफला बायकापोरं मारली गेल्याचं कळतं तेव्हा तो काय करतो, तो विचारतो, माझी मुलं पण? बायको पण? सगळी? ऐकलेलं पुन्हा विचारतो. एमिलियाचं "माझा नवरा?" आणि हे एकाच जातीचं आहे. माणूस खरंच हादरतो तेव्हा त्याच्याकडे नवीन वाक्य नसतं.

शेवटी त्याला काढून टाकून नाटक मनात चालवून बघा. काही अडलं नाही तर त्याला अजून काम मिळालेलं नाही.

मी माझी ती एकांकिका पुन्हा लिहिली. गडी आता रडत नाही. पहिल्या प्रवेशात तो धाकट्या मालकाकडून पन्नास रुपये घेतो आणि दाराची कडी आतून न लावता झोपायला जातो. बाकी नाटक जवळपास तेच आहे.

आणि अजून एक, तुमच्याकडे दोन मिनिटं शिल्लक असतील तर. लिअरच्या १६०८ च्या प्रतीत त्या डोळे काढण्याच्या प्रवेशानंतर दोन नोकर मागे उरतात. असल्या मालकाचं भलं झालं तर मग जगात काय वाट्टेल ते चालेल असं दोघं बोलतात, आणि एक जण म्हणतो, तू ग्लॉस्टरबरोबर जा, मी जवसाचे तंतू आणि अंड्याचा पांढरा बलक आणतो, त्या रक्ताळलेल्या तोंडाला लावायला. १६२३ च्या संग्रहात हे नाही. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रुकने १९६२ मध्ये नाटक केलं तेव्हा त्यानेही मुद्दाम हे कापलं, त्याला प्रेक्षकाला दिलासा द्यायचा नव्हता. माझ्या हाती नाटक आलं तर मी ठेवीन. अंडं कुठून आणणार, एवढ्या रात्री, त्या घरात, हा विचार करत तो नोकर विंगेत जाताना मला दिसतो.